जा, पण तोंडावर सांगून जा

श्रोतेहो, लहान मूल आजी-आजोबांकडं ठेवून नवरा-बायकोनं शनिवार-रविवारी दोघंच एखाद्या शहरात फिरून यावं का, असा विषय मला दिलेला आहे. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे उरलेली मिनिटं माझ्या कामाची सापडतील. जावं. खुशाल जावं. दर शनिवारी पुण्या-मुंबईची जोडपी आपल्या कोल्हापुरात येतात, अंबाबाईचं दर्शन घेतात, मिसळ खातात, रंकाळ्यावर बसतात. मग शिवाजी पेठेतल्या जोडप्यानं मुंबई बघितली तर काय बिघडलं? शुक्रवारी रात्री नऊच्या आत महालक्ष्मी एक्स्प्रेस सुटते, सकाळी तुम्ही मुंबईत. जहांगीरमध्ये चित्रं बघा, दादरला शिवाजी मंदिरात नाटक बघा, रविवारी रात्री परतीची महालक्ष्मी धरा, सोमवारी सकाळी पेठेत हजर. तीनपैकी दोन रात्री गाडीतच जातात, हॉटेलचं भाडं एकाच रात्रीचं. गल्लीत कुणीतरी म्हणेलच, "पोराला टाकून गेली बघा." बापही गेलेला असतो, पण त्यानं टाकलं असं कुणी म्हणत नाही. असो, तो वेगळा विषय.

मला सांगायचंय ते इतकंच, की जाताना मुलाच्या तोंडावर सांगून जा.

शुक्रवारी संध्याकाळी घराघरात काय चालतं ते मला चांगलं माहीत आहे. बॅग दुपारीच शेजारी नेऊन ठेवलेली असते. आबा पोराला "चल, बागेत जाऊया" म्हणून बाहेर काढतात आणि तेवढ्यात आई-बाप रिक्षात बसतात. पोरगं परत येतं. स्वयंपाकघरात बघतं, मोरीत डोकावतं, कपाटामागं बघतं. "मम्मी कुठं हाय?" "दुकानात गेलीया, आत्ता येतीया." ते दारात जाऊन उभं राहतं. अहो, कोपऱ्यावरचं दुकान त्यानं पाहिलेलं असतं. तिथनं यायला किती वेळ लागतो हे त्याला तुमच्याइतकंच कळतं.

असं का करता म्हणून विचारावं तर ठरलेलं उत्तर, "सांगितलं की लई रडतंय हो." रडू दे की!

आपल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी माणसं ग्लास घेऊन का उभी राहतात? दूध पिशवीतही मिळतं. पण कट्ट्यावर म्हैस डोळ्यांदेखत पिळली जाते, पाणी घातलंय का हा संशयच उरत नाही. मुलाचंही तसंच. आई डोळ्यांदेखत गेली की त्याला आईबद्दल संशय उरत नाही. आणि धारोष्ण दुधाचा ग्लास हातात आला की वरपर्यंत नुसता फेस दिसतो. नवखा माणूस म्हणतो, हे काय, फेसच दिला! जाणता थांबतो, फेस बसू देतो, खाली दूध असतंच. निरोप घेताना मुलाचं रडणं म्हणजे तो फेस आहे. तुम्ही रिक्षात बसून वळणापर्यंत जाईतो आवाज ऐकू येतो, तुमचा जीव कासावीस होतो, आणि इकडं आज्जीच्या कडेवर जरा वेळानं ते शांत होऊन शेंगा मागतं. फेस नको म्हणून दूध लपून काढलंत, तर मात्र पुढच्या वेळी गिऱ्हाईक तुमच्याकडं संशयानं बघणार. तुम्ही नुसतं न्हाणीघरात गेलात तरी ते दारावर थापा मारत बसेल. मग म्हणू नका, पोरगं फारच चिकटलंय.

आता दुसरी बाजू. "आमचं अजिबात रडलं नाही, गुणाचं पोर," असं काही आज्ज्या मोठ्या कौतुकानं सांगतात. त्यांना ही गोष्ट सांगते: लंडनमध्ये १९५२ साली मुलांचा अभ्यास करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन यांनी एका लहान मुलीवर चित्रपट काढला. मुलगी अडीच वर्षांच्या आत-बाहेरची, लॉरा तिचं नाव. बेंबीच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी ती आठ दिवस दवाखान्यात होती. त्या काळी तिकडं आई-बापांना मुलाजवळ राहू देत नसत, थोडा वेळ भेटून जायचं. ही मुलगी फारशी रडली नाही. वरवर पाहणारा म्हणाला असता, किती शहाणी! पण कॅमेरा तिच्यावर रोज ठरावीक वेळी रोखलेला होता, त्यामुळं तिचा चेहरा कसा मिटत गेला ते दिसलं. डॉक्टर मंडळी आधी रागावली, पण पुढं १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीनंच सांगितलं की आई-बापांना मुलाजवळ येऊ द्या. तर गप्प बसलेलं पोर म्हणजे रमलेलं पोर, असा हिशोब करू नका.

घाबरवायला हे सांगत नाही. त्याच रॉबर्टसननी आणि त्यांच्या बायकोनं पुढं आया दवाखान्यात असलेली चार मुलं आपल्या घरात सांभाळली. आधी ओळख करून घेतली, घरच्या सवयी विचारल्या, आईचा फोटो जवळ ठेवला, तिच्याबद्दल बोलत राहिले. ती मुलं कितीतरी बरी राहिली. तुमच्याकडं तर सख्खी आज्जी आहे, घर तेच, अंथरूण तेच. मे महिन्यात आजोळी पोरं महिनाभर राहतातच की. दोन-तीन दिवसांनी काही होत नाही. लपून जाण्यानं होतं.

सांगायचं कसं? "सोमवारी येतो" हे तीन वर्षांच्या पोराला कळत नाही. कालनिर्णय भिंतीवर आहेच. त्याच्यासमोर बोट ठेवून चौकोन दाखवा: इथं उद्या आम्ही गाडीत बसणार, इथं तू आबांबरोबर फुटबॉलची मॅच बघायला जाणार, इथं रंकाळ्यावर भेळ. एका डबीत चिक्कीचे तीन तुकडे ठेवा, रोज झोपताना एक. डबी रिकामी झाली की सकाळी मम्मी-पप्पा. पण "उठशील तेव्हा मी शेजारी असेन" असं वचन देऊ नका, गाडीचा काय भरवसा! "शाळेआधी नाहीतर शाळेतनं आल्यावर" म्हणा. आणि हे सगळं गुरुवारी सांगा. आठवडाभर आधी सांगितलं तर त्याला नुसती काळजी, आणि रिक्षा दारात आल्यावर सांगितलं तर ते न सांगितल्यासारखंच. वर्षाच्या आतल्या बाळाला चौकोन कळणार नाहीत, त्यालाही हात हलवून, तोंड दाखवूनच जा. बाळ साधारण आठ-नऊ महिन्यांचं झालं की आई दिसेनाशी झाल्यावर कावरंबावरं होतं, ते वयच तसं असतं.

आज्ज्यांना एक रागावून सांगते. "रडलास तर मम्मी येणारच नाही" हे वाक्य घरातून हद्दपार करा. तुम्ही गमतीनं म्हणता, पोर मनातल्या मनात ते खरं मानतं. आईचं नाव काढलं की विषय बदलायचा, हेही नको. "आठवण आली व्हय? मला पण आली," एवढं म्हणा आणि जवळ घ्या.

फोनचंही सांगायचं होतं. दर तासाला व्हिडिओ कॉल करून गेटवेच्या होड्या दाखवू नका. पोरगं खेळात असतं, तुमचा चेहरा दिसला की पुन्हा दार धरून बसतं. संध्याकाळी एकदा, ठरलेल्या वेळेला, बास. आणि तिकडं नाटक चालू असताना खिशातला फोन चाचपत बसणार असाल तर तिकिटाचे पैसे कशाला घालवता...

काचेपलीकडनं वेळ झाल्याची खूण होतेय. परत आल्यावर काय, हा भाग राहिलाच, आणि खरं तर तोच अवघड आहे. तुम्ही दारात हात पसरून उभे, आणि पोरगं तोंड फिरवून आज्जीच्या पदरात शिरतं. जिवाला लागतं. मग बापमाणूस घाईनं खेळण्याची पिशवी पुढं करतो. तसं करू नका. ते तुमच्यावर रुसलेलं असतं, आणि रुसायचा त्याला हक्क आहे. बॅग बाजूला ठेवा, खाली जमिनीवर बसा, चहा तिथंच घ्या. ते आपण होऊन येऊन पाठीला टेकेल. त्याला कधी अर्धा तास लागेल, कधी दुपार होईल. त्यापायी सोमवारची शाळा बुडाली तर बुडू दे, बाईंना मी समजावते.