फळ्यावरची समीकरणे खरी होती

‘द बिग बँग थिअरी’ ही अमेरिकी विनोदी मालिका सीबीएस वाहिनीवर २४ सप्टेंबर २००७ रोजी सुरू झाली आणि १६ मे २०१९ रोजी संपली. बारा पर्वांत तिचे २७९ भाग झाले. एवढी वर्षे लोकांनी मनापासून पाहिलेल्या या मालिकेचे नायक पोलीस नव्हते, वकील नव्हते की डॉक्टर नव्हते. ते प्रयोगशाळेत आणि फळ्यापुढे आयुष्य काढणारे वैज्ञानिक होते. आपल्या विषयात अत्यंत तल्लख, पण शेजारणीशी दोन वाक्ये बोलायची वेळ आली की गोंधळून जाणारे.

कथा घडते कॅलिफोर्नियातील पॅसाडेना शहरात. तेथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच कॅलटेक, ही जगातील अग्रगण्य विज्ञानसंस्थांपैकी एक. मंगळावर गाड्या उतरवणारी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी ही नासाची प्रयोगशाळा याच संस्थेकडून चालवली जाते. शेल्डन कूपर हा कॅलटेकमधला सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ आणि लेनर्ड हॉफस्टॅटर हा प्रायोगिक भौतिकशास्त्रज्ञ. दोघे एका जुन्या इमारतीत एकाच फ्लॅटमध्ये राहतात. इमारतीची लिफ्ट बंद आहे आणि ती थेट शेवटच्या भागात दुरुस्त होते. त्यामुळे मालिकेतले कितीतरी संवाद जिना चढता-उतरता झालेले आहेत. हॉवर्ड वोलोवित्झ हा अवकाश अभियंता आणि दिल्लीहून आलेला राजेश कूथरापल्ली हा खगोलभौतिकशास्त्रज्ञ, हे त्यांचे रोजचे मित्र. समोरच्या फ्लॅटमध्ये नेब्रास्काहून आलेली पेनी राहायला येते. तिला अभिनेत्री व्हायचे आहे आणि पोटासाठी ती हॉटेलात वाढपाचे काम करते.

चक लॉरी आणि बिल प्रॅडी हे या मालिकेचे निर्माते-लेखक. प्रॅडी टेलिव्हिजनकडे वळण्यापूर्वी संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत असत. त्या काळी भेटलेले हुशार पण बुजरे सहकारी या पात्रांचे मूळ ठरले. पहिला नमुना भाग २००६ मध्ये तयार झाला आणि तो वाहिनीने स्वीकारला नाही. त्यात पेनी नव्हती. तिच्या जागी केटी नावाची, जगाचे टक्केटोणपे खाल्लेली, तोंडाने फटकळ तरुणी होती. ज्या प्रेक्षकांना तो भाग दाखवला गेला, त्यांना केटी खटकली. या भोळ्या माणसांना ती दुखावेल, त्यांचा गैरफायदा घेईल अशी धास्ती त्यांना वाटली. वाहिनीने दुसरी संधी दिली, तेव्हा केटी गेली आणि केली क्वोको हिने साकारलेली पेनी आली. पेनीला भौतिकशास्त्रातले ओ की ठो कळत नाही, पण ती या माणसांची कीव करत नाही आणि त्यांच्यावर जळतही नाही. ती त्यांच्या दारात उभी राहते, विचारपूस करते, त्यांच्याबरोबर बसून जेवते. मालिकेच्या यशाचे सर्वांत मोठे कारण हा एक बदल आहे. बुद्धिमान माणसाची टर उडवणारी मालिका काही महिन्यांत विसरली गेली असती. त्याच्यावर माया करणारी मालिका बारा वर्षे टिकली.

विनोद कसा घडतो, हे शेल्डनच्या बसण्याच्या जागेवरून समजते. सोफ्याच्या एका टोकाला तो बसतो, आणि तिथे दुसरे कोणी बसलेले त्याला चालत नाही. पहिल्याच भागात पेनी नेमकी तिथे बसते, तेव्हा तो कारणे सांगू लागतो. हिवाळ्यात ती जागा उष्णतायंत्राच्या पुरेशी जवळ असते, पण घाम येईल इतकी जवळ नसते. उन्हाळ्यात समोरासमोरच्या खिडक्यांतून येणारा वारा तिथूनच जातो. टीव्ही अशा कोनात दिसतो की चित्र वाकडे दिसत नाही आणि गप्पाही मारता येतात. यातले एकही विधान चुकीचे नाही. माणसाने पाहुणीला असे उठवू नये, एवढेच त्याला माहीत नाही. जगातला प्रत्येक लिखित नियम पाठ असलेला आणि एकही अलिखित नियम न उमगलेला हा माणूस जिम पार्सन्स यांनी इतक्या अचूकपणे उभा केला की विनोदी मालिकेतील प्रमुख अभिनेत्याचे एमी पारितोषिक त्यांना चार वेळा मिळाले.

शेल्डन पेनीचे दार तीनदा ठोठावतो आणि दर वेळी तिचे नाव घेतो. कित्येक वर्षे ही लकब प्रेक्षकांना केवळ गंमत वाटत होती. दहाव्या पर्वात तिचे कारण कळते. तेरा वर्षांचा असताना तो सुट्टीत घरी आला, दार उघडले, आणि वडील परक्या स्त्रीबरोबर दिसले. तेव्हापासून तो आतल्या माणसाला सावरायला वेळ देतो. ज्या सवयीला लोक हसत होते, तिच्या मागची जखम लेखकांनी दाखवली, आणि त्यानंतर ती टकटक पूर्वीसारखी ऐकू येत नाही. ही मालिका लिहिणाऱ्यांचे कसब अशा ठिकाणी दिसते.

शेल्डनचे वागणे पाहून त्याला ऑटिझमच्या वर्गातली एखादी अवस्था असावी, अशी चर्चा सतत होत राहिली. निर्मात्यांनी त्या पात्राला कोणत्याही निदानाचे नाव दिले नाही. निदान दिले असते तर त्याच्यावर विनोद करणे अवघड झाले असते, हे उघड आहे. पण त्यामुळे ज्या घरांत अशी मुले आहेत, तिथे या विनोदाकडे कौतुक आणि अस्वस्थता अशा दोन्ही भावनांनी पाहिले गेले. दोन्ही भावना रास्त आहेत.

मालिकेतले विज्ञान हा तिचा सर्वांत अभिमानास्पद भाग. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएमध्ये, भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक डेव्हिड सॉल्ट्झबर्ग हे तिचे विज्ञान सल्लागार होते. अंटार्क्टिकावर फुग्यातून उपकरणे सोडून न्यूट्रिनो शोधण्याच्या प्रयोगात काम केलेला हा संशोधक. पटकथा लिहिताना लेखक शास्त्रीय संवादाची जागा मोकळी सोडत आणि ती सॉल्ट्झबर्ग भरून देत. शेल्डन-लेनर्डच्या घरातल्या पांढऱ्या फळ्यांवरची समीकरणेही त्यांचीच. ती कॅमेऱ्यात धूसर दिसत, त्यांच्याविषयी कोणी एक शब्दही बोलत नसे, तरी ती खरी असत. कोट्यवधी प्रेक्षकांतल्या मोजक्याच लोकांना जे तपासता येईल, ते सुद्धा बरोबर असले पाहिजे, असा हा हट्ट होता. करमणुकीच्या धंद्यात असा हट्ट दुर्मीळ असतो.

पहिल्या भागाच्या अगदी पहिल्या संवादात शेल्डन दोन फटींचा प्रयोग सांगतो. प्रकाशाचा एक कण दोन फटी असलेल्या पडद्याकडे सोडला आणि फटींवर नजर ठेवली, तर तो दोन्हींतून जात नाही. नजर ठेवली नाही, तर जातो. पुंजभौतिकीच्या गाभ्यातले हे कोडे. लेनर्ड विचारतो, बरे मग? शेल्डन म्हणतो, काही नाही, टी-शर्टवर छापायला चांगले आहे. पुढे एका मेजवानीला सर्वजण वेषांतर करून येतात, तेव्हा शेल्डन अंगावर काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्या घालून येतो. हा डॉप्लर परिणामाचा वेष आहे. जवळ येणाऱ्या आवाजाच्या लहरी आखडतात आणि दूर जाणाऱ्याच्या ताणल्या जातात, म्हणून रुग्णवाहिका समोरून निघून गेली की तिच्या भोंग्याचा सूर खाली येतो. कोणाच्याही ते लक्षात येत नाही, म्हणून शेल्डन तोंडाने धावत्या गाडीचा आवाज काढून दाखवतो. प्रेक्षक हसतात, आणि हसता हसता डॉप्लर परिणाम त्यांच्या ध्यानात राहतो.

पहिल्याच पर्वातला एक भाग याहून खोल जातो. विद्यापीठात भौतिकशास्त्राची प्रश्नमंजूषा स्पर्धा आहे. शेल्डन आपल्या मित्रांविरुद्ध स्वतःचा संघ उभा करतो, पण उत्तरे एकट्यानेच द्यायची असा त्याचा बाणा, म्हणून संघात नावापुरती माणसे भरतो. त्यात एक सफाई कामगार असतो. शेवटच्या अवघड प्रश्नावर शेल्डन अडतो, आणि तो सफाई कामगार शांतपणे बरोबर उत्तर देतो. इथे तो झाडलोट करतो, पण सोव्हिएत संघात तो लेनिनग्राडच्या पॉलिटेक्निकमधला भौतिकशास्त्रज्ञ होता. त्याचे उत्तर आपल्या संघाचे म्हणून स्वीकारायला शेल्डन तयार होत नाही आणि हातातली स्पर्धा हरतो. वैज्ञानिकांचा अहंकार आणि देश सोडलेल्या विद्वानांची फरपट, या दोन्ही गोष्टी पाच मिनिटांच्या विनोदी प्रसंगात आल्या आहेत.

खऱ्या वैज्ञानिकांनी या मालिकेला आपले मानले. वैश्विक पार्श्वप्रारणावरील कामासाठी नोबेल मिळालेले जॉर्ज स्मूट तिच्यात आले. पुढे भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आले आणि रसायनशास्त्राच्या नोबेल विजेत्या फ्रान्सिस आर्नल्ड आल्या. चंद्रावर उतरलेले बझ ऑल्ड्रिन आले. एप्रिल २०१२ मध्ये स्टीफन हॉकिंग स्वतः एका भागात दिसले. शेल्डन हिग्ज बोसॉन या मूलकणावरचा आपला शोधनिबंध मोठ्या खटपटीने त्यांच्यापर्यंत पोहोचवतो. हॉकिंग तो वाचून सांगतात की दुसऱ्या पानावर बेरीज-वजाबाकीची चूक आहे, आणि शेल्डन भोवळ येऊन पडतो. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ जुलै २०१२ रोजी, हिग्ज बोसॉन सापडल्याची घोषणा सर्न या युरोपातील प्रयोगशाळेत झाली.

मालिकेतून खऱ्या गणिताचाही एक सिद्धांत निघाला. २०१० च्या अखेरच्या एका भागात शेल्डन ७३ ही सर्वांत उत्तम संख्या असल्याचे सांगतो. ७३ ही एकविसावी मूळ संख्या आहे. तिचे अंक उलटे केले की ३७ येते, ती बारावी मूळ संख्या. एकवीस आणि बारा हेही एकमेकांचे उलटे. शिवाय सात गुणिले तीन बरोबर एकवीस. असे गुण असलेली दुसरी मूळ संख्या आहे का, याचा शोध गणितज्ञांनी घेतला, आणि २०१९ मध्ये कार्ल पॉमरन्स व ख्रिस स्पायसर यांनी ७३ ही एकटीच असल्याचे सिद्ध केले.

दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. सुरुवातीच्या पर्वांत विज्ञान पुरुषांकडे आणि सौंदर्य पेनीकडे अशी ढोबळ वाटणी आहे. हॉवर्डचे स्त्रियांच्या मागे लागणे विनोद म्हणून दाखवले आहे, आणि ते आज पाहवत नाही. राजेश मद्य घेतल्याशिवाय परक्या स्त्रीशी बोलूच शकत नाही. ही अवस्था सहा पर्वे ताणली, तेव्हा कुणाल नय्यर या गुणी नटाच्या वाट्याला निम्मे काम मुक्याचे आले. भारताविषयीचे बरेच विनोद गर्दी, गरिबी आणि तिखट जेवण यांच्यापुढे जात नाहीत. दुसऱ्या पर्वात ऐश्वर्या राय आणि माधुरी दीक्षित यांची तुलना करताना राजेशच्या तोंडी माधुरीबद्दल एक अपशब्द आहे. त्यावरून २०२३ मध्ये भारतात ही मालिका दाखवणाऱ्या नेटफ्लिक्सला कायदेशीर नोटीस पाठवली गेली. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला तो संवाद आजही बोचतो, आणि बोचावा असाच तो आहे.

यातला पहिला दोष लेखकांनी स्वतः दुरुस्त केला. तिसऱ्या पर्वात सूक्ष्मजीवशास्त्राची बर्नाडेट आली आणि त्याच पर्वाच्या शेवटी चेताविज्ञानाची संशोधक एमी फॅरा फाउलर. एमीची भूमिका करणाऱ्या मायिम बियालिक यांनी २००७ मध्ये यूसीएलएमधून चेताविज्ञानातच पीएच.डी. मिळवलेली होती. या दोघी आल्यावर प्रयोगशाळेतल्या स्त्रीचे प्रश्न कथेत शिरले: नोकरी आणि मूल, नवऱ्याहून जास्त पगार, कामाचे श्रेय. अखेरच्या पर्वात शेल्डन आणि एमी मिळून एक काल्पनिक सिद्धांत मांडतात. दुसरे दोन वैज्ञानिक तो एका प्रयोगात योगायोगाने पडताळतात आणि नोबेलवर हक्क सांगू लागतात. एक विज्ञान नोबेल जास्तीत जास्त तिघांनाच देता येते, हा खरा नियम आहे. मग वगळायचे कोणाला, तर एमीला, असे सुचवले जाते. शेल्डन तिला सोडत नाही. शेवटी पारितोषिक दोघांना मिळते, आणि स्टॉकहोमच्या समारंभात तो लिहून आणलेले लांबलचक भाषण बाजूला ठेवून आपल्या मित्रांना एकेक करून उभे राहायला सांगतो. इतरांकडे पाहायला न शिकलेल्या माणसाचा बारा वर्षांचा प्रवास त्या प्रसंगात पुरा होतो.

या मालिकेतून पुढे आणखी दोन गोष्टी उभ्या राहिल्या. शेल्डनच्या बालपणावरची ‘यंग शेल्डन’ ही मालिका २०१७ ते २०२४ अशी सात पर्वे चालली. २०१५ मध्ये लॉरी यांच्या प्रतिष्ठानाने आणि मालिकेतील कलाकार-तंत्रज्ञांनी मिळून सॉल्ट्झबर्ग शिकवतात त्याच यूसीएलएमध्ये ४० लाख डॉलरहून अधिक रकमेचा शिष्यवृत्ती निधी उभारला. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित शिकणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांना त्यातून मदत मिळते.