गर्भातील हृदयाचा कानोसा



पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. आपली घरे बंगळुरात रुजली, तरी सातव्या महिन्यात लेक सांगली-सोलापूरकडे निघतेच. या रीतीत जिव्हाळा आहे. तिला माझा विरोध नाही. मात्र निघण्यापूर्वी बाळाच्या हृदयाविषयी एका प्रश्नाचे उत्तर हाती असावे, म्हणून आजचा विषय.

लहान स्थानकाच्या फलाटावर आपण उभे असता भरधाव उद्यान एक्सप्रेस येताना तिच्या शिट्टीचा स्वर चढा वाटतो, पुढे जाताच उतरतो. यामागील तत्त्व ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ साली मांडले. श्राव्यातीत ध्वनिलहरी वाहत्या रक्तपेशींवरून परततात तेव्हा त्यांची कंपनसंख्या अशीच बदलते. त्यावरून रक्ताची दिशा आणि वेग कळतो.

गर्भाचे वय शेवटच्या पाळीपासून मोजतात. सहाव्या आठवड्यात हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे ११० असतात, नवव्या-दहाव्यात १७० च्या घरात जातात आणि मग हळूहळू उतरतात. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान, वाटाण्याहूनही लहान अशा त्या हृदयातील प्रवाह तज्ज्ञाला पाहता येतो. खालचा कप्पा दोन लाटांत भरतो : पहिली लाट कप्पा सैलावल्यामुळे आपसूक येणारी, दुसरी वरच्या कप्प्याने रेटलेली. कोवळ्या हृदयाचे स्नायू ताठर असल्याने दुसरी लाट मोठी असते; निरोगी प्रौढात याच्या उलट. यकृताला वळसा घालून नाळेचे रक्त हृदयाकडे नेणारी एक बारीक नलिकाही तपासतात. तीत रक्त क्षणभर जरी उलटे वाहिले, तरी पुढील तपासणी आवश्यक ठरते. पण तो निवाडा नव्हे. अशी पुष्कळ बालके पुढे निर्दोष निघतात.

ही तपासणी हौसेची नाही. डॉप्लरच्या लहरी एकाच जागी एकवटतात व ऊब निर्माण करतात, म्हणून कोवळ्या गर्भावर ती कारणापुरती आणि थोडाच वेळ करावी. आधीच्या अपत्याला हृदयदोष असणे, मातेला गर्भधारणेपूर्वीपासून मधुमेह असणे, ही सबळ कारणे. मामाची मुलगी सून करून आणण्याची चाल आपल्याकडे आणि कर्नाटकातही आहे. अशा नात्यातील विवाहाची माहितीही डॉक्टरांपासून लपवू नये. मुलगा की मुलगी, हे मात्र कोणी विचारू नये. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये, केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला, तो उगाच नव्हे.

हजार जन्मांमागे सुमारे आठ बालकांना जन्मजात हृदयदोष असतो; बहुतेक सौम्य. परंतु हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेले बाळ गर्भात सुखरूप वाढते, कारण तेथे प्राणवायू वारेतून मिळतो. जन्मानंतर काही तासांत वा दिवसांत ते निळे पडू लागते. तेव्हा रात्रीची मोटार काढून शहर गाठण्याइतका वेळ मिळेलच असे नाही. दोष आधी कळला असेल, तर जयदेव किंवा नारायण हृदयालयासारख्या, बालहृदयशस्त्रक्रिया होणाऱ्या संस्थेच्या जवळच प्रसूतीची व्यवस्था करता येते.

आरंभीची तपासणी केवळ इशारा देते. हृदयाची सविस्तर पाहणी १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान होते. माहेरची तिकिटे तिच्यानंतर काढावीत. दोष आढळलाच, तर लेकीने इथेच राहावे आणि तिच्या आईने डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन बंगळुरास यावे.