पान उलटून पाहा

तासगावकडं ढगाळ हवा आली की द्राक्ष बागायतदाराला पहिली धास्ती डावणी या बुरशीजन्य रोगाची. पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आज घडवता येते, पण तिला आपली पानं कुठं ठाऊक आहेत? 'प्लांटव्हिलेज' या नावाजलेल्या संग्रहात 14 पिकांची 54 हजारांवर छायाचित्रं आहेत. द्राक्षाचे तीन रोग त्यात आहेत; डावणी नाही. या संग्रहावर शिकलेल्या प्रणालीनं 2016मध्ये 99 टक्क्यांवर अचूकता गाठली. वेगळ्या परिस्थितीतले फोटो दिल्यावर ती 31 टक्क्यांपर्यंत घसरली!

सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, साताऱ्यातली रयत शिक्षण संस्थेची महाविद्यालयं, इथल्या संशोधक विद्यार्थ्यांनो, 'स्वयम्' या ऑनलाइन मंचावर मशीन लर्निंगचे धडे मोफत ऐकता येतात, ते जरूर ऐका. पण मग आपल्या पानांचा संग्रह करायला मोबाइल घेऊन बागेत जा. दव, धूळ, बोर्डो मिश्रणाचे निळसर डाग, सगळ्यासकट फोटो घ्या. डाग भुरी रोगाचा की डावणीचा, हे जाणत्या बागायतदाराकडून नोंदवून घ्या. प्रणालीची शिकवणी एका बागेच्या फोटोंवर झाली, तर परीक्षा दुसऱ्या बागेच्या फोटोंवर घ्या. आणि हो, डावणीचा तेलकट डाग पानाच्या वर दिसतो, पांढरी बुरशी मात्र खालून. तेव्हा पान उलटून दुसरा फोटो घ्यायला विसरू नका.