टफीचे केस आणि माझी चूक

बैठकीत आपण हप्ते, व्याज, कर्ज बोलतोच. आज बोलू या पांढऱ्या, झुबकेदार शेपटीच्या कुत्र्याबद्दल. आपण सगळ्या त्याला 'पामेरियन' म्हणतो.

१९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला, त्यातला टफी सगळ्यांना आवडला. आमच्याही कुत्र्याचं नाव टफीच. एका मे महिन्यात तो फार धापा टाकू लागला. मला वाटलं, केसांनी उकडतंय. कात्री घेतली आणि सगळे केस कातडीपर्यंत कापले. थोड्याच दिवसांत अंग लाल झालं, खाजवून जखमा झाल्या. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "ताई, ऊन वाढलं म्हणून घराचं छप्पर काढता का?"

मग त्यांनी समजावलं. पोमेरेनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा थंड प्रदेश, आज जर्मनी आणि पोलंडमध्ये वाटलेला. तिथली ही कुत्री पूर्वी बरीच मोठी असत. १८८८ मध्ये इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने इटलीतून एक लहान कुत्रा आणला. तेव्हापासून लहान कुत्र्यांची आवड वाढली. आता खरा पामेरियन जेमतेम दीड ते तीन किलोचा असतो. आपल्याकडे दिसतो तो बहुतेक इंडियन स्पिट्झ, त्याचाच जातभाई, पण अंगाने मोठा.

दोघांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत मऊ लव, वर लांब केस. थंडी अडवणारे हेच केस ऊनही अडवतात. म्हणून ते भादरायचे नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा विंचरायचे, गुंता आणि गळालेली लव काढायची. दुपारी सावली आणि गार पाणी द्यायचं, फिरवायचं ते सकाळ-संध्याकाळ. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, मनुका अजिबात नकोत. जेवणातलं उरलंसुरलं घालताना हे ध्यानात ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. "घरातलंच आहे, एवढंसं आहे" म्हणून रेबीजची लस टाळू नका. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. कुत्रं लहान असो की मोठं, चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद-चुना लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीज एकदा झाला की माणूस हाती लागत नाही.

आमच्या टफीचे केस परत यायला वर्ष गेलं. माझी चूक तुम्ही करू नका. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या कुत्र्याच्या लसीचं कार्ड घेऊन या. नसेल, तर गावातल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच दिवशी लस देण्याचं ठरवू.