रक्ताचा दाखला मागणारा राजा

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, अडखळलो तिथं तेवढं नीट केलंय.)



मी स्पेनच्या राजेशाहीवर बोलणार म्हटल्यावर मागच्या बाकावरचे दोघं हसले, ते मी बघितलं. आपला काय संबंध स्पेनशी? संबंध असा की ज्या 'कास्ट' शब्दावर आपण मोर्चे काढतो, तो शब्द मुळात इंग्रजांचा नाही. आपलाही नाही. तो 'कास्ता'. स्पेन-पोर्तुगालचा. घोड्याचं वाण, माणसाचं कूळ, असा त्याचा अर्थ. पोर्तुगिजांनी तो जहाजात घालून आणला आणि आपल्या जातीला चिकटवला. १५६७ साली गोव्यात पाद्र्यांची परिषद भरली, तिच्या ठरावातही तो आहे. आपल्याला ज्यांनी हे नाव दिलं त्यांच्या घरात काय चाललं होतं, ते बघायला नको?

तर राजा मोठा कसा झाला. १४६९ साली कास्तिलची इसाबेला आणि आरागॉनचा फर्डिनांड यांचं लग्न झालं. दहा वर्षांत दोघं आपापल्या गादीवर पक्के बसले. त्याआधी सरदार राजाला मोजत नव्हते. या दोघांनी १४७६ ला शहरांच्या खर्चानं एक सशस्त्र दल उभं केलं, सांता एर्मांदाद. १४८० ला सरदारांनी गिळलेलं शाही उत्पन्न बरंचसं परत काढून घेतलं. शहराशहरात राजाचा माणूस बसवला, कोरेहिदोर, आपल्या कलेक्टरच्या जातीचा. मोठे सरदार त्यात मेले नाहीत, बरं का. जमिनी त्यांच्याकडंच, कुळं त्यांच्याकडंच. फक्त राजाच्या डोक्यावर बसणं बंद झालं.

दोन राज्यं एक झाली असं पुस्तकात देतात. झाली नव्हती. कायदे वेगळे, नाणी वेगळी, जकात वेगळी. दोन्हीकडं सारखा हुकूम चालवणारी एकच संस्था होती: इन्क्विझिशन. धर्माचं न्यायालय. १४७८ ला पोपनं परवानगी दिली, १४८० ला सेव्हिलमध्ये कारभार सुरू झाला, १४८१ च्या फेब्रुवारीत पहिली माणसं जाळली. न्यायाधीश पाद्री, पण नेमणूक राजाची. जप्त केलेली मालमत्ता राजाच्या खजिन्यात. म्हणजे देव पुढं आणि वसुली मागं. हा धंदा आपल्याला नवा नाही.

आता जाळत कुणाला होते? ज्यूंना नव्हे. हे नीट ऐका. इन्क्विझिशनचा अधिकार बाप्तिस्मा घेतलेल्यावरच. १३९१ साली सेव्हिलपासून दंगली पेटल्या, ज्यूंचे मोहल्ले लुटले, आणि हजारोंनी जीव वाचवायला धर्म बदलला. मग त्यांना माणूस म्हणायला हवं होतं. ते चर्चमध्ये जात होते, कारकून होत होते, वकील होत होते, काही बिशपसुद्धा झाले. आणि मग त्यांना नाव पडलं: 'नव-ख्रिस्ती'. बापानं धर्म घेतला, मुलगा नव. नातू नव. पणतू नव. हा नवेपणा कधी जुना होतच नव्हता.

१४४९ सालचं तोलेदो शहर. राजाच्या माणसानं शहराकडं दहा लाख मारावेदींचं कर्ज मागितलं, म्हणजे जबरदस्तीची वसुली. लोक भडकले. बरोबरच भडकले. पण गेले कुठं? राजाकडं नाही. वसुलीशी नाव जोडलेल्या एका नव-ख्रिस्ती व्यापाऱ्याच्या घराला आग लावली. आणि त्या बंडाच्या पुढाऱ्यांनी नियम लिहिला: ज्यू वंशाच्या माणसाला, तो ख्रिस्ती असला तरी, या शहरात अधिकाराची जागा नाही. पोपनं त्याच वर्षी त्याचा निषेध केला, बाप्तिस्मा झाला म्हणजे सगळे एक असं सांगितलं. ते कागदावर राहिलं. पुढं शंभर वर्षांत हाच नियम कॉलेजं, मठ, सरदारी संघ, सगळीकडं शिरला. त्याला नाव: रक्ताची शुद्धता. १५४७ ला तोलेदोच्या मोठ्या चर्चनं तो घेतला, पुढं पोपनंही मान्य केला आणि १५५६ ला राजा दुसऱ्या फिलिपनंही. आणला कुणी? आर्चबिशप सिलिसेओनं. हा गरीब शेतकऱ्याचा पोरगा. त्याच्यापाशी ना घराणं, ना जहागीर. होतं काय? रक्त स्वच्छ!

मित्रांनो, माझ्या आजच्या बोलण्याचा गड्डा इथं आहे. आपल्यातले काही दोस्त म्हणतात, आधी पोटाचं बोला, जातीचं मागाहून बघू. मी त्यांना तोलेदो दाखवतो. नांगर हाकणारा उपाशी माणूस सरदारापुढं वाकत होता, आणि त्याच वेळी शिकलेल्या नव-ख्रिस्त्याकडं खाली बघत होता. राजानं त्याला भाकरी दिली नाही. रक्त दिलं. रक्त द्यायला खजिन्यातलं एक नाणंही लागत नाही. गोदीत माझ्याबरोबर पाठीला पाठ लावून ओझं उचलणारा, माझ्याएवढंच घाम गाळणारा माणूस जेवणाच्या सुट्टीत हळूच आडनाव विचारतो, तेव्हा तो काय शोधत असतो? आपल्या पगारात नाही ते.

चौकशी कशी व्हायची तेही सांगतो. जागेसाठी अर्ज केला की उमेदवाराच्या बापजाद्यांच्या गावी माणसं जायची. म्हाताऱ्यांना बसवून शपथेवर विचारायची: याचा आजा कोण, आजी कुठली, कुणी कधी काही बोललं होतं का? गावगप्पा म्हणजे पुरावा. शिक्षा झालेल्यांचे अपमानाचे अंगरखे चर्चमध्ये नावासकट टांगून ठेवायचे, पिढ्यान्‌पिढ्या. संत तेरेसा ऐकली असाल. तिच्या आज्याला १४८५ ला तोलेदोमध्ये असा अंगरखा घालून चर्चा-चर्चांतून फिरवलं होतं. घराण्यानं पुढं पैसे खर्चून सरदारकीचा कागद मिळवला. नात १६२२ ला संत झाली.

परवा एकानं मला विचारलं, मग आपला जातीचा दाखलाही तसलाच की! नाही रे बाबा. तो कागद दार लावायला होता. आपला, लावलेलं दार उघडायला. दोन्हीवर शिक्का असतो म्हणून दोन्ही सारखे होत नाहीत. पण 'नव' या अक्षराबद्दल मात्र विचार करा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली. सरकारी योजनांच्या कागदावर अजून 'नवबौद्ध' छापतात. माझा आजा बौद्ध, बाप बौद्ध, मी कसला नव?

आता १४९२. २ जानेवारीला ग्रानादा पडलं, मुसलमानांचं शेवटचं राज्य. तहात त्यांचा धर्म राखायचं वचन होतं. दहा वर्षांत मोडलं. ३१ मार्चला ज्यूंना हुकूम: बाप्तिस्मा घ्या नाहीतर जुलैअखेर देश सोडा, सोनंनाणं नेता येणार नाही. त्याच ऑगस्टात कोलंबस निघाला. बाटवलेल्या मुसलमानांचं पुढं तेच झालं. १५६७ ला त्यांची भाषा, पोशाख, हमामखानेसुद्धा बंद केले. त्यांनी बंड केलं, ते चिरडलं. आणि १६०९ ते १६१४ मध्ये सुमारे तीन लाख माणसं बोटीत भरून देशाबाहेर काढली. तीही बाप्तिस्मा घेतलेलीच होती.

राजा मोठा झाला तो चांदीवर, असंही म्हणतात. अर्धं खरं. आधी तो कर्जावर मोठा झाला. त्यांचा नातू चार्ल्स १५१९ ला सम्राट निवडून आला, ती मतं फुगर सावकाराच्या पैशानं विकत घेतलेली. त्याची वसुली कास्तिलकडून. शहरं उठली, या वेळी खुद्द राजाविरुद्ध. कोमुनेरोस त्यांचं नाव. २३ एप्रिल १५२१ ला व्हिलालारला त्यांना कापलं, दुसऱ्या दिवशी पादिया, ब्राव्हो, माल्दोनादो या तिघांची मुंडकी उडवली. शहरं वठणीवर आली. सरदारांना कर माफच होता, माफच राहिला.

मग १५४५ ला पोतोसी. डोंगरभर चांदी. १५७० नंतर तिथं 'मिता'ची सक्ती: ठरलेल्या मुलखातल्या गावांनी सातातला एक पुरुष खाणीत पाठवायचा, वर्षाला तेरा हजारांच्या आसपास. वेठबिगार म्हणा. पाचवा हिस्सा राजाचा. ती चांदी सेव्हिलच्या धक्क्यावर उतरायची. मी बंदरातला माणूस, मला पहिला प्रश्न हाच पडला की उतरवलं कुणी? पुस्तकात राजाचं नाव आहे, कप्तानाचं आहे. त्या पाठींची नावं नाहीत. एवढं आहे की १५६५ च्या गणतीत त्या शहरात सहा हजारांवर गुलाम होते. आणि एवढी चांदी येऊनही फिलिपनं १५५७, १५७५, १५९६ ला दिवाळं काढलं. चांदी धक्क्यावर लागायच्या आधीच सावकाराच्या नावे झालेली.

१५८० ला फिलिपनं पोर्तुगालही घेतलं. त्यामुळं गोवा, वसई आणि आपण बसलोय ती मुंबईची बेटं १६४० पर्यंत स्पेनच्या राजाच्या मुकुटाखाली होती. गोव्यात इन्क्विझिशन १५६० लाच आलं होतं, ते १८१२ पर्यंत राहिलं. ते इथं आलं तेव्हा इथं शुद्धतेचा धंदा आधीच जोरात होता. पुरोहिताला पुरोहित भेटला. धर्म बदललेल्यांच्या जाती चर्चच्या दारात गळून पडल्या नाहीत.

शेवटी एक नाटुकलं सांगतो. सेर्व्हान्तेसनं १६१५ ला छापलं. दोन ठग एका गावात येतात. म्हणतात, आमचा खेळ अजब आहे. ज्याच्या रक्तात ज्यूचा अंश आहे किंवा जो अनौरस आहे, त्याला तो दिसत नाही. रंगमंचावर काहीच नसतं. पण गावचा पाटील, कारकून, सगळे ओरडतात: बैल आला! उंदीर आले! पाणी पडलं! प्रत्येकाला भीती, मला दिसत नाही म्हणजे माझ्याच रक्तात खोट. एवढ्यात फौजेचा माणूस येतो, शिपायांची राहायची सोय करा म्हणतो. तो खराखुरा. त्याला खेळ दाखवतात. तो म्हणतो, कुठंय काय? मला काही दिसत नाही. झालं, सगळं गाव बोंबलतं: हा त्यांच्यातलाच! हा त्यांच्यातलाच!

तो तलवार उपसतो आणि सगळ्यांना धोपटून काढतो. ठग पैसे आधीच घेऊन बसलेले असतात, आणि उद्या गावापुढं पुन्हा खेळ लावायचा बेत करतात.