जड म्हणींचा हलका खेळ



मराठी कठीण, ती आपली नव्हे, असे मुलाच्या मनाने घेतले की परीक्षेत गुण घटतात आणि पुढे मुलाखतीत तोंड उघडत नाही. यावर एक खेळ सुचवतो. साध्या म्हणीला भरजरी शब्द चढवा. ‘स्वतःच्या नर्तनातील न्यूनाचा दोष प्रांगणाच्या वक्रतेस देणे’ म्हणजे काय? नाचता येईना अंगण वाकडे! हसता हसता चार नवे शब्द पदरात पडतात.

आता ओळखा: ‘प्रसंगी जो उपस्थित, तोच प्रधानपदी अधिष्ठित.’ हाजीर तो वजीर! यातले हाजीर आणि वजीर हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. याच रत्नागिरीत १९२४ ते १९३७ या काळात स्थानबद्ध असताना सावरकरांनी असे अरबी-फारसी शब्द वगळण्यासाठी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. ‘तारीख’साठी त्यांनी ‘दिनांक’ सुचवला. आज दोन्ही शब्द नांदतात. म्हणीतला वजीरही जागेवरच आहे.

मुलांनो, दोन्ही शब्द शिका. निबंधात मात्र म्हण साधीच लिहा. पालकहो, जेवताना घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मुलांना म्हणी ऐकवा. मराठी आपल्या घरात केव्हाचीच हाजीर आहे.