हेस्टिंग्जचा अपुरा डाव

बुद्धिबळात जिंकावे कसे, हे शिकविणारे ग्रंथ उदंड आहेत. हरावे कसे, हे सांगणारा विरळा. ह्या दृष्टीने १८९५ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातील हेस्टिंग्ज येथे झालेला एक डाव मननीय आहे.

पांढरी मोहरी होती विल्हेल्म स्टाइनिट्झकडे. वय ५९, जगज्जेतेपद आदल्याच वर्षी तरुण लास्करने जिंकून घेतलेले. समोर जर्मनीचा कुर्ट फॉन बार्डेलेबेन. प्रारंभ जुन्या इटालियन पद्धतीचा: दोन्ही राजांपुढील प्यादी दोन-दोन घरे सरली, मग घोडे निघाले, मग उंट. पट लवकरच मोकळा झाला आणि किल्लेकोटाला सवड न मिळाल्याने काळा राजा मध्येच अडकला. सतराव्या खेळीस स्टाइनिट्झने एक प्यादे बळी दिले, ते केवळ आपल्या घोड्याला घर मोकळे व्हावे म्हणून.

बाविसाव्या खेळीस त्याच्या हत्तीने राजालगतचा घोडा मारून शह दिला. त्या हत्तीला कोणाचाही जोर नव्हता. तरीही राजाने तो मारावा, तर राजा उघड्यावर पडतो. वजिराने मारावा, तर मागील हत्ती निराधार होतात. उलट स्टाइनिट्झची एक खेळी जरी शहावाचून गेली असती, तरी मात त्याच्यावरच ओढवली असती! लागोपाठ चार शह देत तो हत्ती राजाच्या अंगाला भिडून राहिला.

पंचविसाव्या खेळीनंतर बार्डेलेबेन उठला आणि हार मान्य न करताच दालनाबाहेर निघून गेला. घड्याळ चालत राहिले. पुढे दहा खेळ्यांत मात कशी होते, हे स्टाइनिट्झने उपस्थितांना मांडून दाखविले. तो सुंदर शेवट प्रत्यक्ष खेळला मात्र गेला नाही.

बार्डेलेबेनचा उपहास करण्याचे कारण नाही. हातचा डाव निसटण्याचे दुःख कोणास चुकले आहे? परंतु एक गोष्ट त्याच्या ध्यानी आली नसावी. हत्ती मारण्याचा मोह त्याने प्रत्येक वेळी टाळला, म्हणूनच ती रचना इतकी खुलली. त्या सौंदर्यात त्याचाही वाटा होता, आणि तो पटावर तसाच टाकून तो निघून गेला. निवडणूक असो, न्यायालय असो वा कचेरीतील मतभेद असो, हरलेला पक्ष अखेरपर्यंत जागेवर बसून राहतो, तेव्हाच डाव पुरा होतो. जिंकणाऱ्याच्या कौशल्याइतकीच ह्या बसून राहण्याचीही समाजाला गरज असते.